तुम्ही पेशंटचे कोण?

“तू कशाला मध्ये पडतेस?” हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलंय त्याचा हिशोब ठेवला असता तर टर्मवर्कच्या सगळ्या जर्नल्सपेक्षा जाड फाईल झाली असती. घरी आई म्हणते, आजी म्हणते, शाळेत सोडणारे रिक्षावाले काका म्हणायचे आणि आता रूम पार्टनरसुद्धा म्हणते. गंमत म्हणजे सगळे हे प्रेमानेच म्हणतात! मराठीत या एका भावनेसाठी शब्दांची काय श्रीमंती आहे बघा. नसती उठाठेव, विकतचं दुखणं, नसती आफत, लष्कराच्या भाकऱ्या... माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे यातले अर्धे शब्द मला हॉस्टेलला आल्यावर कळले. (माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावेत ही विनंती.) एक म्हण मात्र लहानपणापासून पाठ आहे, कारण आजोबा ती दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

आणि एक शब्द आहे, ‘बघे’. पेपरात अपघाताची बातमी असली की त्यात एक ठरलेलं वाक्य असतं, घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी झाली होती. इंग्लिशमध्ये त्याला बायस्टँडर म्हणतात, म्हणजे तो बिचारा नुसता बाजूला उभा आहे. मराठी शब्द जास्त प्रामाणिक वाटतो मला. तो उभा नाहीये, तो बघतोय.

आता हे बघे वाईट असतात का? मला तसं वाटत नाही. आपल्या कॉलेजसमोरून हायवे जातो, त्यामुळे आपण सगळेच कधी ना कधी बघे झालेलो आहोत. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. तासाला एकोणीस. म्हणजे आपलं एक लेक्चर संपतं तोवर एकोणीस. पहिल्या तासाभरात उपचार मिळाले तर यातले निम्मे मृत्यू टळू शकतात असं डॉक्टरांचं मत विधी आयोगाने २००६ सालच्या आपल्या २०१ व्या अहवालात नोंदवलंय. या पहिल्या तासाला गोल्डन अवर म्हणतात, आणि तो जवळपास सगळा बघ्यांच्या हातात असतो. डॉक्टर नंतर येतात, पोलीस नंतर येतात, नातेवाईक तर फारच नंतर. आधी असतो तो आपण.

मग आपण थांबत का नाही? आजोबांची म्हण हे त्याचं खरं उत्तर आहे आणि ती म्हण काही हवेतून आलेली नाही. १९८९ सालची परमानंद कटारा यांची सुप्रीम कोर्टातली केस वाचा. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं. कुणीतरी भल्या माणसाने त्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे सांगितलं की मेडिको-लीगल केस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलला न्या. तो रस्त्यातच गेला. सुप्रीम कोर्टाने तेव्हाच सांगितलं की आधी उपचार, कायद्याची कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. पण कोर्टाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवरची माणसं बदलली असं होत नाही ना! नेणाऱ्यालाच पोलिसांनी तासन् तास बसवून ठेवायचं, ‘तुम्हीच उडवलं असेल’ म्हणायचं, मग साक्षीसाठी वर्षानुवर्षे तारखा. अशा गोष्टी प्रत्येक घरात कुणा ना कुणा मामाच्या किंवा काकाच्या नावाने सांगितल्या जातात. त्यामुळे भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की भीतीचं कारण बदललंय आणि भीती मात्र जुन्याच सिलॅबसवर चालू आहे. २००७ साली दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या सोळा वर्षांच्या चुलत भावाला रस्त्यावर अपघात झाला आणि मदत न मिळाल्यामुळे तो तिथेच गेला. तिवारींनी पुढच्या वर्षी सेव्हलाईफ फाउंडेशन काढलं, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि ३० मार्च २०१६ ला कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. त्यात लिहिलंय की कुठलीही अपेक्षा न ठेवता, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. २०२० च्या नियमांनी आणखी स्पष्ट केलं की पोलीस तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. झालात तर तुमच्या सोयीच्या ठिकाणी, साध्या कपड्यांतला पोलीस येऊन जबाब घेणार. आणि हे सगळं प्रत्येक हॉस्पिटलने दारात, हिंदी-इंग्लिश आणि स्थानिक भाषेत लावलं पाहिजे. तुम्ही कुठे लावलेलं पाहिलंय? मी शोधतेय अजून.

हे वाचून लक्षात ठेवायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आम्ही तिघी झेरॉक्स काढून परत येत होतो. गेटच्या अलीकडे डिव्हायडरजवळ खडी सांडली होती, तिच्यावरून एक बाईक घसरली. चाळिशीचे गृहस्थ, हेल्मेट होतं म्हणून बरं. आम्ही पोचलो तेव्हा वीस-पंचवीस जण जमले होते. दोघं मोबाईलवर शूटिंग करत होते. बाकीचे सगळे एकच वाक्य म्हणत होते, “अरे कुणीतरी एकशे आठला फोन करा रे!” प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. तेवढ्यात आपल्या मेसचे काका भाजीचा टेम्पो घेऊन आले. ते उतरले आणि कुणाला उद्देशून असं काही बोललेच नाहीत. थेट बोट दाखवून कामं वाटली. “ए निळा शर्ट, तू ट्रॅफिक आडव. पोरी, तू फोन लाव एकशे आठला, आपल्या गेटचं नाव सांग. तुम्ही दोघं मोबाईल खिशात घाला आणि छत्री धरा.” आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं! निळा शर्टवाला तर अगदी ट्रॅफिक पोलिसासारखा हात करायला लागला. कुणीतरी उत्साहाने पाणी आणलं, काकांनी पाजू दिलं नाही. उचलून टेम्पोत टाकायचंही नाही म्हणाले, मानेला लागलं असेल तर हलवायचं नाही. पायातून रक्त येत होतं तिथे स्वतःचा टॉवेल घट्ट दाबून बसून राहिले.

अँब्युलन्स आली, जवळच्या एका हॉस्पिटलला गेलो. काका, मी आणि माझी एक मैत्रीण. काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“तुम्ही पेशंटचे कोण?”

काका म्हणाले, “कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे? मग डिपॉझिट कोण भरणार? नातं काय लिहू?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ताईंची चूक नव्हती, त्यांच्या फॉर्ममध्ये ‘पेशंटशी नाते’ असा रकाना होता आणि तो रिकामा सोडायची त्यांना सवय नव्हती. आपल्या समाजात माणसाला माणसाजवळ उभं राहायला नातं लागतं. मुलगा, भाऊ, जावई, गेला बाजार शेजारी. ‘कोणी नाही’ असा रकाना नाही. मैत्रिणीने मोबाईलवर कलम १३४ अ काढून दाखवलं. ताई म्हणाल्या, “थांबा, सरांना विचारते.” तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर आले, म्हणाले आधी आत घ्या, कागद नंतर बघू. त्या गृहस्थांच्या फोनवरून त्यांच्या मिसेसना कळवलं. पोलीसही आले. काकांना नाव सांगायची गरज नव्हती तरी त्यांनी सांगितलं. “घ्या की, माझं नाव काय चोरीचंय?” पुढे ते गृहस्थ बरे झाले, काकांना एकदा त्यांचा फोन आला होता, एवढंच आम्हाला माहीत आहे.

आम्ही हॉस्टेलला पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. गेट साडेनऊला बंद होतं. लेट एंट्रीचा दंड पन्नास रुपये आणि एक छापील फॉर्म, ज्यात शेवटी वाक्य आहे, ‘माझ्या हातून अशी चूक पुन्हा होणार नाही.’ मी कारणाच्या जागी जे झालं ते लिहिलं आणि ते वाक्य खोडून सही केली. मॅडमनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता फाईलला लावला. दंड मात्र घेतला.

काकांनी बोट दाखवून कामं वाटली ती त्यांना कुठल्या पुस्तकातून कळली नव्हती, पण पुस्तकात ती आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी नुसतं बघितलं अशी बातमी तेव्हा गाजली. पुढे ती बातमी बरीचशी चुकीची निघाली. इतक्या लोकांनी पाहिलंच नव्हतं आणि एक शेजारीण तर जिवाची पर्वा न करता धावत खाली आली होती, किटी तिच्याच हातांत गेली. पण त्या बातमीमुळे डार्ली आणि लाताने या दोन संशोधकांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली मुलं इंटरकॉमवर बोलतायत आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटत असेल की आपण एकटेच ऐकतोय, तर ८५ टक्के मुलं उठून मदत मागायला गेली. आणखी चारजण ऐकतायत असं वाटत असेल, तर फक्त ३१ टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर एकूण करंट तेवढाच असताना पॅरललमध्ये रेझिस्टर वाढवत गेलं की प्रत्येकातून जाणारा करंट कमी होतो, तसं जबाबदारीचं होतं. आणि जी मुलं उठली नाहीत ती निर्विकार नव्हती बरं का! त्यांचे हात थरथरत होते, संशोधक आत आल्याबरोबर त्यांनी विचारलं, तो बरा आहे ना? म्हणून मी म्हटलं, बघे वाईट नसतात. ते अडकलेले असतात.

दुसरा प्रयोग मला जास्त लागला, कारण त्याच्यात आमच्या शाळेतली गोष्ट आहे. ‘गुड समारिटन’ची गोष्ट आम्हाला सिस्टर दरवर्षी सांगायच्या. जेरुसलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर चोरांनी मारून टाकलेला माणूस, बाजूने निघून जाणारा पुरोहित, मग लेवी, आणि शेवटी ज्याच्याशी ज्यू लोक व्यवहारही ठेवत नसत असा शोमरोनी प्रवासी, जो थांबतो. १९७३ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांच्या भाषणाचा विषय नेमकी हीच गोष्ट होती. वाटेत दारात एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने फारसा फरक पडला नाही! दयेवर बोलायला जाणारी मुलं दयेच्या शेजारून पळत गेली.

आता सबमिशनच्या आठवड्यातला आपला कॉरिडॉर डोळ्यासमोर आणा. वायवा, जर्नलवर सह्या, डिफॉल्टर लिस्ट. आपण सगळे कायम उशीर झालेलेच असतो. मूल्यशिक्षणाचा आणखी एक तास ठेवण्यापेक्षा मदत करायला गेलेल्या मुलाचं प्रॅक्टिकल बुडलं तर ते पुन्हा घेतलं जाईल एवढी खात्री दिली तर जास्त मुलं थांबतील असं मला मनापासून वाटतं. सर आणि मॅडम हे वाचतायत म्हणून मुद्दाम लिहितेय.

याच्यावर माझ्या मैत्रिणीचा आक्षेप असा की हे सगळं ठीक, पण आंबोली विसरलीस का? ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत अंधेरीजवळ मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून दोन तरुणांवर हल्ला झाला. दोघेही गेले. भर वस्तीत, आजूबाजूला माणसं असताना. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण गेलेले परत आले नाहीत. तिचा आक्षेप मला मान्य आहे. चाकूसमोर उभं राहा असं मी कुणालाच सांगणार नाही, आणि रात्री सुनसान रस्त्यावर मुलीने एकटीने गाडी थांबवावी असंही नाही. जर्मनीत मदत न करणं हा गुन्हा आहे, आपल्याकडे तशी सक्ती नाही आणि ती नसलेलीच बरी. पण मध्ये पडणं आणि निघून जाणं यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत! फोन लावणं, दुरून ओरडणं, गाडीचा नंबर लिहून घेणं, आणखी चारजणांना जमवणं. आंबोलीत कमी काय पडलं असेल तर ते दोघांचं धाडस नव्हे, बाकीच्यांचा आवाज कमी पडला. २०१९ मध्ये तीन देशांतल्या शहरांतलं सीसीटीव्ही फुटेज तपासलं गेलं. रस्त्यावरच्या दहापैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे माणूस थांबतो. फक्त पहिला थांबणारा लागतो.

रस्त्याचं इतकं सोपं वाटावं असा अवघड प्रकार आपल्या हॉस्टेलमध्ये आहे. रस्त्यावरचा माणूस अनोळखी म्हणून आपण थांबत नाही, आणि शेजारच्या रूममधली मुलगी ओळखीची म्हणून आपण विचारत नाही! ‘तिचा पर्सनल मॅटर आहे’, ‘तिला स्पेस दे’. ‘स्पेस’ या शब्दाखाली आपण काय काय झाकतो ना. वायडी लागलेली मुलगी चार दिवस मेसला दिसत नाही, रात्रभर लाईट चालू, सकाळी लेक्चरला नाही. विंगमधल्या सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना वाटतं तिच्या ब्रँचच्या मुली बघत असतील. ब्रँचच्या मुलींना वाटतं रूम पार्टनर बघत असेल. रूम पार्टनरला वाटतं मी बोलले तर तिला आवडणार नाही. तोच इंटरकॉम, तोच प्रयोग.

इथे कलम १३४ अ उपयोगाचं नाही, आणि रक्त दिसत नाही त्यामुळे किती लागलंय तेही कळत नाही. चुकीचं बोलले तर, ही भीती खरी आहे. पण जाऊन “जेवलीस का? चल, मी पण जेवले नाहीये” एवढं म्हणायला कौन्सिलरची डिग्री लागत नाही. सरळ विचारल्याने वाईट विचार डोक्यात घुसतात हा एक गैरसमज आहे, तज्ज्ञ उलट विचारा म्हणतात. आणि ती जर म्हणाली ‘कुणाला सांगू नकोस’ आणि तुम्हाला तिच्या जिवाची काळजी वाटली, तर ते वचन मोडा. मॅडमना सांगा, तिच्या घरी कळवा, तिला एकटीला ठेवू नका. सरकारची टेली मानस नावाची हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आपण काय करावं हे विचारायलासुद्धा तिथे फोन करता येतो. मैत्रीण आठवडाभर रागावेल. रागावू दे.

रॅगिंगचंही तसंच. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या एका मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले, हेल्पलाईन आली (१८००-१८०-५५२२), आणि तक्रार ज्याला त्रास झाला त्यानेच केली पाहिजे असं नाही. पण हॉस्टेलमध्ये तक्रारीला ‘चुगली’ म्हणतात आणि चुगलीखोर ठरण्यापेक्षा बघा ठरणं सगळ्यांना सोपं जातं. माझ्या मते चुगली म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी सांगणं. दुसऱ्याचा मार थांबावा म्हणून सांगितलं तर तो शब्द तिथे लावूच नये.

जाता जाता रेक्टर मॅडमना एक विनंती. लेट एंट्रीच्या फॉर्मवर कारणांचे तीन चौकोन आहेत, ‘घरगुती’, ‘वैद्यकीय’ आणि ‘वाहतूक’. नवीन फॉर्म छापायला टाकाल तेव्हा चौथा चौकोन टाकावा, ‘दुसऱ्याच्या मदतीसाठी’. खोटं लिहून कुणी सवलत उकळेल म्हणाल, तर ‘घरगुती’ या चौकोनात आजवर किती आज्या आजारी पडल्या आहेत ते एकदा मोजून बघा.

फॉर्म येईल तेव्हा येईल. तोवर आमच्या विंगमध्ये आम्ही १०८, १४४१६ आणि रॅगिंगचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून मेसच्या मेनूखाली चिकटवलाय. त्या बोर्डासमोर रोज सगळ्याजणी थांबतात.